मौनीबाबांच्या तोंडातले स्क्रू

तीर्थस्वरूप मावशीस,

घुमीचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात टेबलाशी बसले आहे आणि वाकायला जागा नाही, कारण निम्म्या टेबलावर स्कीचा तुकडा पकडीत आवळलेला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नक्की कळव. दोन्हींची कारणं वेगळी असतात आणि नुसतं "दुखतो गं" एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. काकांचा खोकला गेला असेल, निदान त्यांनी त्याबद्दल बोलणं थांबवलं असेल अशी आशा करते. मांजरीने तुझ्या शिवणयंत्राखाली पिल्लं घातल्याचं आईकडून कळलं. यंत्राचा पट्टा काढून ठेव, शेपट्या अडकतात. इकडे माझं सगळं ठीक. झोप, जेवण आणि अंगावर पुरेसे गरम कपडे, या तिन्ही प्रश्नांना उत्तर "हो" आहे. तेव्हा ते पुढच्या पत्रात पुन्हा विचारायची गरज नाही.

पत्राचं कारण असं, की मध्यंतरी फोनवर मी रडत होते असं आईने तुला सांगितलं असणार. मी रडत नव्हते. माझ्या तोंडात टॉफी होती. एवढं एक वाक्य आईला सांगून भागलं असतं, पण ती पुढे विचारणार की टॉफी कशाला, आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून तुला लिहितेय. हे तुझ्यापाशीच ठेव. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे (माझा शेवटच्या वर्षाचा निकाल मी तुला बसस्टॉपवरून सांगितला आणि घरी पोचले तेव्हा शेजारच्या काकू मला दृष्ट लागेल म्हणून काळजी करत बसल्या होत्या). तरीही ठेव.

माझं काम मी तुला एकदा समजावून सांगितलं होतं, तेव्हापासून तू सगळ्यांना "आमची घुमी बर्फावरच्या चपला करते" असं सांगतेस. ते अगदीच चूक नाही, पण बरोबरही नाही. स्की म्हणजे पायाखालची लांब पट्टी. माणूस जाडजूड बूट घालतो आणि तो बूट त्या पट्टीला पकडून ठेवणारा जो सांगाडा असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. पुढचा भाग पंजा धरतो, मागचा टाच. माणूस नीट उभा असेपर्यंत सोडायचं नाही, आणि पडला की मात्र ताबडतोब सोडायचं, नाहीतर पाय मोडतो. हे धरणं-सोडणं जमवण्यात आमच्या कारखान्यातल्या हुशार लोकांची आयुष्यं गेली. मला त्यातलं काही दिलेलं नाही. मला स्क्रू दिले आहेत.

स्क्रूंची भानगड अशी. बाइंडिंग स्कीवर बसवतात ते दुकानात. तिथला बसवणारा कारागीर स्कीवर खुणा करतो, भोकं पाडतो, प्रत्येक भोकात गोंदाचा थेंब सोडतो आणि मग एका हाताने बाइंडिंग दाबून धरतो आणि दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतो. आता दोन हात संपले आणि स्क्रू ठेवायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. टेबलावर ठेवले तर घरंगळतात. खिशात ठेवले तर खिशातल्या बाकीच्या संसारात मिसळतात. आधीच भोकात उभे केले तर झोपाळू पोरांसारखे एकेका बाजूला कलतात, आणि बाइंडिंग जरा सरकवलं की जमिनीवर. त्यात पुढच्या भागाचे स्क्रू मागच्यांहून नखभर लांब असतात. चुकून पुढचा मागे गेला की स्कीच्या खालच्या गुळगुळीत पृष्ठभागाला फोड येतो आणि गिऱ्हाईक ती स्की दुकानदाराच्या अंगावर फेकतं. यावर मी पाहिलेल्या सर्व कारागिरांनी एकच उपाय काढलेला आहे. स्क्रू तोंडात धरायचे. पुढचे उजव्या गालात, मागचे डाव्या गालात. (तू टाचण्या ओठांत धरतेस तसंच. फक्त तुझ्या टाचण्या बाहेरून दिसतात.)

आमच्याकडे तक्रार आली की कुठल्याशा दुकानात एकाने शिंकताना स्क्रू गिळला. साहेबांनी बैठक घेतली. आमच्या साहेबांचं प्रत्येक वाक्य "पण"ने सुरू होतं. "नमस्कार साहेब" म्हटलं तरी "पण आज उशीर झाला" असं उत्तर येतं. ते म्हणाले, "पण स्क्रू पुढचा होता की मागचा?" मग त्यांनी मला सांगितलं की स्क्रू कारखान्यातच बाइंडिंगमध्ये उभे बसवून पाठवता येतील का ते बघ. बाइंडिंग उलटं केलं तरी पडता कामा नयेत, आणि स्क्रूड्रायव्हर लावला की आडवेही येता कामा नयेत. येत्या हिवाळ्याच्या मालात ते गेलं तर ठीक, नाहीतर सगळं गुंडाळायचं. मावशी, मला नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच पूर्णपणे माझं असं काही मिळालं होतं. ते लहान होतं, एखाद्याच्या गालात मावण्याएवढं, पण माझं होतं.

कारखान्याच्या खालच्या उतारावर एक दुकान आहे. आमची प्रत्येक नवी वस्तू आधी तिथे चालवून बघतात, आणि तिथल्या मालकीणबाईंनी मान डोलावल्याशिवाय ती पुढे जात नाही. मालकीणबाई पुढच्या खोलीत गल्ल्यावर बसतात. मागच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर टांगलेली हत्यारं, खाली प्लास्टिकचा भुसा, आणि मौनीबाबा. हे नाव गावाने ठेवलेलं. मूग गिळून बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हे गृहस्थ दोन्ही गालांत मिळून आठ स्क्रू धरून बसायचे आणि एक स्की झाली की लगेच पुढचे आठ भरायचे, त्यामुळे कामाच्या वेळात त्यांचं तोंड कधी रिकामं नसेच. बोलायचं झालं तर "हं". एक वर जाणारा "हं" आणि एक खाली जाणारा "हं". वयाने माझ्या वडिलांहून मोठे असतील. हात असे, की बघत राहावं.

मी तिथे निरीक्षणासाठी स्टूल टाकून बसायचे. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत स्की घेऊन येणाऱ्यांपेक्षा स्की न घेता येणारेच जास्त आहेत. पाववाला यायचा, शाळेच्या बाई यायच्या, दातांचे डॉक्टर यायचे. येऊन टेबलाच्या कडेला टेकायचे आणि मनातलं बोलायला लागायचे. घरचं, दारचं, कोणालाही न सांगण्यासारखं. मौनीबाबा "हं" म्हणायचे. माणूस हलका होऊन निघून जायचा. साहजिकच आहे, मावशी. ज्याचं तोंड बंद आहे अशा माणसाला काहीही सांगता येतं. मी लहान असताना तुझ्या ओठांत टाचण्या असल्या की तेवढ्याच वेळात तुझ्याशी बोलायचे, आठवतं? (तू नंतर टाचण्या काढून ते सगळं आईला सांगायचीस हा भाग मला बराच उशिरा कळला. त्यातून मी धडा घ्यायला हवा होता. घेतला नाही.)

तर मीही बोलले. काय, ते लिहिते, पण त्याआधी आमच्या चाचणी विभागातल्या एकाबद्दल सांगायला हवं. त्याला आम्ही तोड्या म्हणतो. त्याचं कामच ते. आम्ही बनवायचं आणि त्याने मोडायचं. माझा पहिला नमुना त्याच्याकडे गेला. त्यात मी बाइंडिंगच्या भोकातच आटे पाडले होते. स्क्रू असा घट्ट उभा राहिला की मला माझंच कौतुक वाटलं. तोड्याने तो स्कीवर बसवला, मग स्की आणि बाइंडिंगच्या मधल्या फटीत कागदाचा चिटोरा घातला आणि आरपार ओढून काढला. स्क्रू दोन्हीकडे धरून बसला होता, म्हणून बाइंडिंग स्कीला टेकतच नव्हतं.  मग त्याने चिटोरा माझ्या हातात दिला. दुसऱ्या नमुन्यात रबराचं कडं होतं. ते त्याने रात्रभर शीतपेटीत ठेवलं आणि सकाळी टिचकी मारली, तर सगळे स्क्रू जमिनीवर. तिसऱ्यात मी मेणाने स्क्रू चिकटवले होते. ते त्याने गाडीत हीटरसमोर ठेवलं. मेण वितळून स्क्रूंच्या डोक्यांतल्या खाचांत गेलं आणि थोडं त्याच्या जेवणाच्या डब्यात. तो ते परत घेऊन आला तेव्हा म्हणाला, "हा मोडताना वाईट वाटलं." आणि डब्याबद्दल काहीच बोलला नाही.

आजवर मला नापास करणारे पुष्कळ भेटले, पण नापास केल्यावर माझ्या टेबलाशी थांबून नक्की कुठे चुकलं ते स्वतः आधी समजून घेणारा हा पहिलाच. त्या दिवशी मी दुकानात जाऊन स्टुलावर बसले, मौनीबाबांचे दोन्ही गाल भरलेले आहेत याची खात्री केली, आणि म्हणाले, "आमच्याकडे एकजण आहे. मी केलेलं सगळं मोडतो. आणि मला ते आवडायला लागलंय. त्याला सांगावं का?" मौनीबाबा "हं" म्हणाले. वरचा की खालचा, ते मी मुद्दाम ऐकलं नाही.

यानंतर मी चौथा नमुना केला. भोकाच्या आत पातळ प्लास्टिकच्या तीन पाकळ्या. त्या स्क्रूला मानेपाशी धरतात, टोक किंचितच बाहेर राहतं, त्यामुळे ते स्कीवरचं भोक आपोआप शोधतं. स्क्रू पिळत आत गेला की पाकळ्या वाकून बाजूच्या खाचेत बसतात आणि त्याला सोडून देतात. तोड्याने तो गोठवला, तापवला, उलटा टांगला, जिन्यावरून खाली टाकला. मग खाली जाऊन उचलून आणला आणि म्हणाला, "मला आज दुसरं काहीतरी मोडायला द्या." आमच्या विभागात याहून मोठी स्तुती नाही. नमुन्याची पेटी दुकानात गेली. मौनीबाबांनी पहिलं बाइंडिंग उघडलं, आत उभे असलेले स्क्रू बघितले, सवयीने गालांत भरायला हात पुढे केला, आणि तो हात तसाच मागे घेतला. भरायला काही नव्हतंच.

आणि मावशी, ते बोलायला लागले.

ते चुगल्या करतात असं तू समजू नकोस. अगदी सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच, की इतकी वर्षं लोकांनी आपल्याला विश्वासाने प्रश्न विचारले आणि आपण उत्तर देऊ शकलो नाही, हे बरं नाही. प्रत्येक उत्तर त्यांनी मनात जपून ठेवलं होतं. आता ते द्यायला घेतलं. पाववाला पाव द्यायला आला तर त्याला म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं ना, पोराला वेगळं राहू द्यावं का म्हणून? द्या." पाववाल्याचा पोरगा मधल्या काळात वेगळा राहून, कंटाळून, बायकोमुलांसकट बापाकडे परत राहायला आलेला आहे. शाळेच्या बाईंना त्यांनी मुख्याध्यापिका होऊ नका असा सल्ला दिला. बाई ते पद भोगून निवृत्त झाल्या आहेत, आणि हा सल्ला त्यांच्या चार माजी विद्यार्थ्यांसमोर दिला गेला, ज्यांनी माना डोलावल्या. दातांच्या डॉक्टरांना ते म्हणाले, "बायकोला सांगू नका की तिचा भाऊ तुम्हाला आवडत नाही. उगाच घरात कटकट." सल्ला योग्य होता. पण बायकोचा भाऊ तेव्हा शेजारीच बाकावर बसून बुटाचं माप देत होता.

गावात हलकल्लोळ माजला. लोक स्की दुरुस्तीला टाकायला घाबरायला लागले. मालकीणबाईंनी साहेबांना फोन करून सांगितलं की तुमचे स्क्रू पडत नाहीत हे खरं, पण आमच्या माणसाचं तोंड मिटत नाही त्याचं काय. जुनं बाइंडिंग परत पाठवा. साहेब म्हणाले, "पण हा दोष कोणत्या सदरात नोंदवायचा?" मग त्यांनी ठरवलं की आपण स्वतः जाऊन बसवणी बघायची, तोड्याला बरोबर घ्यायचं, आणि तिथेच काय तो निकाल लावायचा.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. मी दुकानात बसून ऐकत होते, आणि मला दिसलं की मौनीबाबा क्रमाने चालले आहेत. सगळ्यात जुना प्रश्न आधी. ते माणसं बघून बोलत नव्हते, ज्याचा जुना प्रश्न त्याचा नंबर आधी. आता ते गेल्या हिवाळ्यापर्यंत आले होते. हिशेब करणं हा माझा पेशा आहे, आणि कसाही केला तरी माझा नंबर नेमका साहेब येणार त्या दिवशी लागत होता. साहेबांसमोर. आणि तोड्यासमोर.

त्या दुपारी मी कार्यालयात पाकळ्यांचं चित्र संगणकावर उघडलं. पाकळी केसभर पातळ केली असती, तर पेटी हलल्यावर स्क्रू सुटून पडले असते. मौनीबाबांनी ते उचलून गालांत भरले असते, आणि माझा प्रश्न त्यांच्याबरोबर राहिला असता. मी आकडा बदलला. तो छान दिसत होता. मग मी तो पुन्हा होता तसा केला. एक तर तोड्याने पाच मिनिटांत पकडलं असतं. आणि दुसरं म्हणजे चौथा नमुना बरोबर होता. बरोबर असलेली गोष्ट मुद्दाम बिघडवायची, ती पण मी? ते माझ्याच्याने होईना.

म्हणून टॉफी. बसस्टॉपजवळच्या दुकानात दाताला घट्ट चिकटणारी एक टॉफी मिळते. माझी कल्पना साधी होती. मौनीबाबांना काम सुरू करताना एक द्यायची, की जोड होईपर्यंत तोंड आपोआप बंद. किती वेळ टिकते हे आधी बघणं आवश्यक होतं, म्हणून मी एक स्वतःवर चालवून बघत होते, आणि नेमका तेव्हाच आईचा फोन आला. ती म्हणाली, "कशी आहेस?" मी म्हणाले, "म्म." ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "म्म म्म." मग तिनेच रडायला सुरुवात केली. (चाचणी यशस्वी. बूट मापून, बाइंडिंग बसवून, वर हात पुसून होईपर्यंत टॉफी टिकते.)

ठरल्या दिवशी मागच्या खोलीत साहेब, तोड्या, मालकीणबाई आणि मी. मी टॉफीचा डबा मौनीबाबांसमोर धरला आणि म्हणाले, "घ्या ना काका." एका गोष्टीचा विचार मी केला नव्हता. मौनीबाबा जुन्या वळणाचे गृहस्थ आहेत. पाहुण्यांच्या आधी ते खात नाहीत. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि आधी साहेबांपुढे केला. साहेबांनी दोन उचलल्या. तोड्याने एक. मालकीणबाई म्हणाल्या, "मला नको, माझे दात रात्री बशीत असतात, ते टॉफीबरोबर निघून येतील." मग डबा माझ्यापुढे आला आणि मी घेईपर्यंत हलला नाही. मी घेतली. मौनीबाबांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "मी नाही खात. दात दुखतात. एवढी वर्षं लोखंड चघळलंय."

तर सगळ्यांची दातखीळ बसलेली, आणि त्या खोलीत प्रथमच एकट्या मौनीबाबांचं तोंड रिकामं. (मालकीणबाई होत्या, पण त्या रागावून गप्प होत्या.) त्यांनी पेटी उघडली, बाइंडिंग साहेबांच्या डोळ्यांसमोर उलटं धरून हलवलं. एकही स्क्रू पडला नाही. स्कीवर ठेवलं, टोकांनी भोकं शोधली, आणि त्यांनी एकामागून एक स्क्रू पिळले. प्रत्येक वेळी पाकळ्या बसल्याचा "टक" असा आवाज यायचा. मला तो आवाज फार आवडतो. त्या वेळी मात्र प्रत्येक "टक"ला माझा नंबर जवळ येत होता.

आधी मालकीणबाईंचा बांध फुटला. म्हणाल्या, "सगळ्या गावाला उत्तरं दिलीत. मी इतकी वर्षं रोज या खोलीत येऊन बोलते, मला एक तरी दिलंत?"

मौनीबाबा म्हणाले, "तुम्ही प्रश्न कधी विचारलात? तुम्ही हुकूम सोडलेत."

मालकीणबाई टेबलाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "बरं, आता विचारते. या स्क्रूंनी काम चांगलं होतं का?"

"होतं."

"लवकर?"

"लवकर. आणि जेवण चवीला लागतं. आधी सगळ्याला लोखंडाची चव यायची."

मालकीणबाईंनी पदराने, म्हणजे त्यांच्या स्कार्फने, नाक पुसलं. मग मौनीबाबा माझ्याकडे वळले. "आणि बाई, तुमचा प्रश्न राहिलाय." मी जोरजोरात मान हलवली. ती नकाराची होती हे कोणालाही कळलं असतं, पण ते पुढचा स्क्रू बघत होते. म्हणाले, "तुमच्याकडचा तो एकजण. तुमचं सगळं मोडतो आणि तुम्हाला ते आवडायला लागलंय, त्याला सांगावं का, असं होतं ना? मी बराच विचार केला. सांगा. फक्त आधी स्क्रू पास होऊ द्या. नाहीतर लोक म्हणतील, पास व्हावेत म्हणून सांगितलं." मग त्यांनी शेवटचा स्क्रू पिळला, टक, आणि स्क्रूड्रायव्हरने तोड्याकडे बोट केल्यासारखं करून म्हणाले, "हेच ना ते? मोडणारे?"

मावशी, मी भिंतीवरची हत्यारं बघत होते. डावीकडून तिसरी पकड उलटी टांगलेली होती. तोड्याचे कान मला तरीही दिसत होते, आणि ते कोणत्या रंगाचे होते ते मी लिहीत नाही. त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला, उघडलं नाही. मग त्याने स्की उचलली. खिशातून कागदाचा चिटोरा काढला आणि बाइंडिंगच्या खाली घालायला गेला. तो गेला नाही. कोपऱ्यातून घातला, तिथेही नाही. सगळीकडून घालून बघितला, नेहमीसारखाच, एक बाजूही सोडली नाही. मग साहेबांकडे वळून अंगठा वर केला. साहेबांच्या ओठांतून "प... प..." असं काही यायला लागलं, पण दोन टॉफ्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. शेवटी त्यांनी मान डोलावली. मालकीणबाई म्हणाल्या, "ठरलं तर." आमच्या कारखान्याच्या इतिहासात "पण" शिवाय संपलेली ही पहिली बैठक.

बाहेर दुकानासमोर बाक आहे. तिथे आम्ही दोघं टॉफी विरघळायची वाट बघत बसलो. त्याची आधी विरघळली.

तो म्हणाला, "कधीपासून?"

"तिसऱ्या नमुन्यापासून." (माझी अजून थोडी होती, पण एवढं जमलं.)

"मी पहिल्यापासून."

"पहिला अगदीच टाकाऊ होता."

"हो. म्हणून नापास केला. ते वेगळं."

मग त्याने तो चिटोरा माझ्या हातात दिला, पहिल्या वेळी दिला होता तसाच. यापुढे जे बोलणं झालं ते तांत्रिक स्वरूपाचं नव्हतं, म्हणून लिहीत नाही.

मौनीबाबांची उत्तरं माझ्यापाशी संपली. मी शेवटची होते. आता ते पुन्हा गप्प असतात, रिकाम्या तोंडाने. लोक हळूहळू परत यायला लागले आहेत, पण बोलायच्या आधी एकदा त्यांच्या गालांकडे बघतात.

असो. आई विचारेल तर तिला सांग की मी रडत नव्हते, टॉफी होती. बाकी काही सांगायचं नाही. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. शिवणयंत्राच्या खणात ठेवू नकोस, तो खण आई दर भेटीत उघडते. काकांना नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद.

तुझी,
घुमी
(हे नाव तूच ठेवलंस)

ता. क. उरलेल्या टॉफ्या वेगळ्या पुडक्याने पाठवल्या आहेत. काकांना देऊ नकोस, कवळी अडकेल. शेजारच्या काकूंना हव्या तेवढ्या दे.

ता. क. दुसरा. गुडघा चढताना की उतरताना, ते विसरू नकोस. तोड्याचं म्हणणं आहे की उतरताना दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची. त्याला गुडघ्यांतलं कळतं, आमचं सगळं काम शेवटी गुडघ्यांसाठीच असतं. तो स्वतः बघेल म्हणतो. म्हणजे सुट्टीत मी घरी येईन तेव्हा. म्हणजे मी एकटी येणार नाही.

ता. क. तिसरा. तर आईला हे कोणीतरी आधी सांगायला हवं. मी तीन वेळा फोन लावला. तोंडात काही नव्हतं, तरी "म्म" एवढंच निघालं, आणि ती प्रत्येक वेळी रडली. वर "तुझ्यापाशीच ठेव", "कोणाला सांगू नकोस", "फाडून टाक" असं जे लिहिलं आहे ते मी पूर्ण विचार करून लिहिलं आहे. तुला आजवर जे जे कोणाला सांगू नकोस म्हटलं, ते त्याच दिवशी आईपर्यंत पोचलं, एकदाही चुकलं नाही. इतकी खात्रीची वस्तू आमच्या चाचणी विभागात एकही नाही. रविवारी सकाळी आईचा तुला फोन येतो. तेवढा वेळ शिवायला बसू नकोस, आणि बसलीसच तर टाचण्या ओठांत धरू नकोस, त्यांच्या गादीत खोचून ठेव.